शून्य सावली, नारायण पेठ

'सूर्य दुपारी बारा वाजता बरोब्बर डोक्यावर येतो' हे वाक्य आपण सगळेच तिसरी-चौथीपासून ऐकत आलोय. मित्रांनो, पुण्यापुरतं बोलायचं तर हे वाक्य वर्षातले ३६३ दिवस सपशेल खोटं आहे. उरलेल्या दोन दिवशी सूर्य खरोखरच डोक्यावर येतो, पण तेव्हाही बारा वाजता नाही! आणि दिल्लीच्या माणसाच्या डोक्यावर तर तो जन्मात कधीच येत नाही. (दिल्लीकरांना हे सांगून बघा. भांडायला उठतात.)

हा शोध मी लावलेला नाही. पण यंदाच्या मे महिन्यात माझ्याकडे वेळ इतका होता की तो पडताळून बघता आला. थर्ड इयरची परीक्षा संपलेली, निकालाचा पत्ता नाही. एका कंपनीने इंटर्नशिपचं 'कळवतो' म्हणून सांगितलेलं, ते कळवणं काही येईना. अर्धा वर्ग कुठे ना कुठे चिकटला, उरलेला अर्धा जीआरईचे शब्द पाठ करत बसला. मी मात्र रोज सकाळी मेल उघडायची आणि बंद करायची. त्यातच आमची नारायण पेठेतली बिल्डिंग पुनर्विकासाला द्यायची की नाही यावर सोसायटीच्या मीटिंगा चालू. दर रविवारी मीटिंग, दर रविवारी चहा, निर्णय पुढच्या रविवारी. थोडक्यात काय, पुढच्या वर्षी मी कुठे असेन आणि घर कुठे असेल, यातलं काहीच नक्की नव्हतं. नक्की होती ती फक्त गच्ची, आणि गच्चीवरचं ऊन.

तर मुद्द्यावर येते. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे वर्षभरात सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेतेवीस अंशांपर्यंत जातो (२१ जूनच्या सुमारास) आणि दक्षिणेलाही तेवढाच (२२ डिसेंबरच्या सुमारास). सूर्य विषुववृत्तापासून जितके अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो, त्याला म्हणतात क्रांती. हा शब्द मला आधी फक्त 'क्रांतिकारक' मधलाच माहीत होता, कारण आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सगळं डेक्लिनेशन आणि लॅटिट्यूड. ज्या दिवशी सूर्याची क्रांती तुमच्या गावाच्या अक्षांशाइतकी होते, त्या दिवशी मध्यान्हीला सूर्य बरोब्बर डोक्यावर. उभ्या काठीची सावली शून्य. म्हणून या दिवसाला शून्य सावलीचा दिवस म्हणतात.

पुण्याचा अक्षांश १८.५ अंश उत्तर. २१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर असतो, तिथून उत्तरेकडे सरकत सरकत तो १३ मेच्या आसपास १८.५ अंशांवर पोचतो. मग आपल्या डोक्यावरून पुढे कर्कवृत्तापर्यंत जातो, वळतो आणि परत येताना ३० जुलैच्या आसपास पुन्हा पुण्याला गाठतो. म्हणजे वर्षातून दोनदा. त्यातला जुलैचा दिवस पावसाने खाल्लेला असतो, त्यामुळे हातात उरतो तो मेचा. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असलेल्या गावांना यातलं काहीच मिळत नाही. दिल्ली २८.६ अंशांवर, सूर्य वळतो साडेतेवीसवर. विषय संपला.

आता बारा वाजताचं काय ते. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर. पुणे आहे ७३.८६ वर. फरक ८.६४ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून मिर्झापूरच्या मानाने आपल्याकडे सूर्य साधारण ३४ ते ३५ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. (मुंबईकरांना हे इतकं खटकलं होतं की १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तरी ३९ मिनिटं मागे असलेला 'बॉम्बे टाइम' त्यांनी १९५५ पर्यंत चालू ठेवला होता!) त्यात आणखी एक गंमत. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आहे आणि आस कललेला आहे, यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाबरोबर चालत नाही. कधी पुढे, कधी मागे. मेच्या मध्याला तो साडेतीन-पावणेचार मिनिटं पुढे असतो. ३४.६ मधून ३.७ वजा करा. उत्तर दुपारी १२ वाजून ३१ मिनिटं. जुलैच्या शेवटी सूर्य सहा-साडेसहा मिनिटं मागे असतो, तेव्हा उत्तर येतं १२ वाजून ४१ मिनिटं.

हे सगळं कागदावर. कागदावरचं मला पटतं, पण पेपर लिहून लिहून कागदाचा जरा कंटाळा आला होता. म्हणून एप्रिलच्या शेवटीच गच्चीवर खडू घेऊन गेले.

पद्धत जुनी आहे आणि आपलीच आहे. सपाट जमिनीवर वर्तुळ काढायचं, मधोमध एक उभी काठी. तिला शंकू म्हणतात. सकाळी काठीची सावली लांब असते, वर्तुळाच्या बाहेर जाते. दुपार जवळ येते तशी ती आखडते आणि एका क्षणी तिचं टोक वर्तुळाला टेकतं. तिथे खूण करायची. दुपारनंतर सावली परत लांबते आणि दुसऱ्या बाजूने वर्तुळ ओलांडते, तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की मिळाली पूर्व-पश्चिम रेषा. तिला लंब काढला की उत्तर-दक्षिण. होकायंत्र नाही, मोबाइल नाही. सूर्यसिद्धान्तात ही रीत दिलेली आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'लीलावती'त तर सावलीच्या गणितांना 'छायाव्यवहार' म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या फर्स्ट इयरच्या ग्राफिक्सपेक्षा मला हे जास्त आवडलं, कारण यात शीट रिजेक्ट करायला कोणी नसतं.

काठी उभी आहे की नाही हे बघणं मात्र महत्त्वाचं. एक अंश कललेली असेल तर सगळा खेळ बिघडतो. मी गवंड्याकडचा ओळंबा मागून आणला. आमच्या शेजारी एका वाड्याचं पाडकाम चालू आहे, तिथल्या मुकादम काकांना विचारलं. ते म्हणाले, "कशाला पाहिजे ताई?" मी म्हटलं, "काका, सावली मोजायचीय." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि ओळंबा दिला. संध्याकाळी परत करायच्या बोलीवर.

गच्चीवर रोज काठी, खडू आणि मी, हे बघून आजी वर आली. तिला वाटलं उन्हाचं मला लागलंय. समजावून सांगितल्यावर म्हणाली, "एवढंच ना! आमच्या वाड्यात घड्याळ कुठे होतं गं रोज बघायला? ऊन चौकातल्या दुसऱ्या पायरीवर आलं की भात टाकायचा." मग तिने मला तो वाडा सांगितला. चौक, मध्ये तुळशीवृंदावन, उन्हाळ्यात ऊन थेट खाली उतरायचं आणि थंडीत फक्त उत्तरेकडच्या भिंतीवर चढून बसायचं. मी हिशेब केला. डिसेंबरात पुण्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्यापासून ४२ अंश दक्षिणेला झुकलेला असतो. १८.५ अधिक २३.५, बरोब्बर ४२. म्हणजे एक मीटर काठीची सावली ९० सेंटिमीटर, उत्तरेकडे. आजीची भिंत उत्तरेचीच असणार! आजीने हे गणित कधी केलं नव्हतं, पण उत्तर तिला पाठ होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे गेले. त्यात हाही गेला. तिथेच ही आमची बिल्डिंग उभी राहिली, आणि आता हिचीही वेळ आली म्हणतात.

असो. १३ मे. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. गच्चीवर मी, आजी, तिसऱ्या मजल्यावरची दोन शाळकरी मुलं, आणि "काय चाललंय" म्हणून आलेले सोसायटीचे सेक्रेटरी काका. काठीशिवाय आम्ही स्टीलचे डबे, एक बाटली, आणि मुलांनी आणलेला क्रिकेटचा स्टंप असं सगळं मांडून ठेवलं होतं. १२ वाजून १० मिनिटांनी सावल्या पश्चिमेला नऊ-दहा सेंटिमीटर. मग त्या आत आत येत गेल्या. १२:२५ ला काठीची सावली बोटभर राहिली. १२:३१ ला डब्यांच्या सावल्या डब्यांच्या बुडाखाली गेल्या. स्टंप नुसता उभा! आपल्या आजूबाजूला सावली नसलेली वस्तू किती विचित्र दिसते, हे सांगून कळणार नाही. कॉम्प्युटरवर कोणीतरी चिकटवल्यासारखी दिसते. सेक्रेटरी काका स्वतःभोवती गोल फिरून सावली शोधत होते. आजीने हात आडवा धरला, तर हाताची सावली बरोब्बर तिच्या चपलेवर. मुलं उड्या मारत होती आणि उडी मारल्यावर सावली खालीच राहते म्हणून आणखी उड्या मारत होती. दोन-तीन मिनिटांत सावल्या पूर्वेकडून बाहेर डोकवायला लागल्या आणि कार्यक्रम आटोपला. रविवारच्या मीटिंगला जे लोक एकमेकांकडे बघत नाहीत, त्यातले दोघं-तिघं तरी त्या दिवशी आजीच्या हातचं पन्हं प्यायला थांबले.

आता खरी मजा पुढे आहे. माझी एक वर्गमैत्रीण सुट्टीत नाशिकला घरी होती, तीही माझ्यासारखीच अधांतरी. नाशिक पुण्याच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. रेखांश दोघांचे सारखेच, त्यामुळे मध्यान्हही एकाच मिनिटाला. तिला आदल्या रात्री फोन करून सांगितलं, "एक मीटरची काठी उभी कर आणि १२:३१ ला सावली मोज." ती म्हणाली, "अगं, बाहेर ४० डिग्री आहे!" पण केलं तिने. तिची सावली आली २.७ सेंटिमीटर, उत्तरेकडे.

२.७ भागिले १००, त्याचा टॅन इन्व्हर्स १.५५ अंश. म्हणजे पुण्यात सूर्य माथ्यावर असताना नाशिकमध्ये तो माथ्यापासून १.५५ अंश ढळलेला होता. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण दोन्हीकडे समांतरच धरायचे. मग हा १.५५ अंशांचा फरक कुठून आला? जमीन वाकडी आहे म्हणून! पुणे ते नाशिक सरळ रेषेत अंतर साधारण १६५ किलोमीटर (रस्त्याने जास्त भरतं, ते इथे चालणार नाही). १.५५ अंशाला १६५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? उत्तर आलं सुमारे ३८,४०० किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा खरा परीघ ४०,००८. चूक चार टक्के. एक काठी नारायण पेठेत, एक काठी नाशिकला आणि मधे एक फोन कॉल. इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हेच केलं होतं, साएन आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांमध्ये. त्याच्याकडे फोनही नव्हता.

चार टक्के ऐकून मी उड्या मारायच्या बेतात होते, तर मैत्रीण म्हणाली, "आधी प्लस-मायनस लिही." बरोबर होतं तिचं. सूर्य म्हणजे काही टिंब नाही, आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश आहे. त्यामुळे सावलीची कड कधीच धारदार नसते. एक मीटर काठीच्या टोकाची सावली जवळपास एक सेंटिमीटरभर पुसट असते. त्यात मधोमध कुठे हे डोळ्यांनी ठरवायचं, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे होणारच. आता २.७ सेंटिमीटरमध्ये ३ मिलिमीटर म्हणजे ११ टक्के! आमची चार टक्के ही हुशारी कमी आणि नशीब जास्त. काठी दुप्पट केली तर सावली दुप्पट होते, पण पुसटपणाही दुप्पट होतो, म्हणून नुसती लांबी वाढवून फारसा फायदा नाही. दोन गावं आणखी लांब घ्यायला हवीत. मेट्रॉलॉजीच्या तासाला 'अनसर्टन्टी' हा शब्द मी शंभरदा लिहिला असेल, पण तो स्वतःच्या आकड्याला लावून बघितला त्या दुपारी. आकडा प्लस-मायनससकट लिहिला की उलट जास्त भरवशाचा वाटतो, हे मला नवीन होतं. निकालाच्या तारखेलाही कुणी प्लस-मायनस दिलं असतं तर उन्हाळा जरा सोपा गेला असता.

याच कारणामुळे तारखेचंही फार टेन्शन घ्यायला नको. मेच्या मध्याला सूर्य रोज पाव अंशापेक्षा किंचित कमी सरकतो, म्हणजे एक मीटर काठीला ४ मिलिमीटर. एक दिवस अलीकडे-पलीकडे झाला तरी सूर्याच्या स्वतःच्या रुंदीत ते झाकून जातं. ढग आले तर उद्या बघा, काही बिघडत नाही.

टिळकांचा विषय इथे काढल्याशिवाय नारायण पेठेतला माणूस पुढे जाऊ शकत नाही. केसरीवाडा आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. हा गायकवाड वाडा टिळकांनी १९०५ मध्ये घेतला. त्याच्या आधी, १८९३ मध्ये, त्यांचं 'ओरायन' प्रसिद्ध झालं होतं. वसंतसंपात मृग नक्षत्रात होता तेव्हाच्या खुणा वेदांत आहेत, असं मांडून त्यांनी वेदांचा काळ इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपास नेला. आज बहुतेक अभ्यासक तो मानत नाहीत. पण राजकारणाच्या धबडग्यात एक माणूस संपातबिंदूचं गणित करत बसतो याचं मला फार बरं वाटतं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो, सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी. त्यामुळे नक्षत्रांच्या हिशेबाने चालणारी मकरसंक्रांत आता १४ जानेवारीच्या आसपास येते, आणि खरं उत्तरायण डिसेंबरातच सुरू झालेलं असतं. शून्य सावलीला हा त्रास नाही. आपली इंग्रजी तारीख सूर्याला बांधलेली आहे, त्यामुळे आजीच्या लहानपणीही ती १३ मेलाच पडत होती, फक्त बघायला कोणी गच्चीवर गेलं नव्हतं. कोणीच नाही असंही म्हणता येणार नाही म्हणा. टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. आपल्यातल्या कितीजणांना ती माहीत आहे?

सावलीनंतर मला मोजायची सवयच लागली. दुसरा नंबर आजीच्या माठाचा. ओल्या वाळूवर ठेवलेला, भोवती ओलं फडकं, आत वाळ्याची जुडी. मी दोन थर्मामीटर घेतले, एकाच्या टोकाला ओला कापूस गुंडाळला. कोरडा ३६ अंश, ओला २३. माठातलं पाणी २५! माठाच्या भिंतीतून पाणी झिरपतं, बाहेर वाफ होतं, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता आतल्या पाण्याकडून घेतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात. दहा लिटरच्या माठातून नुसतं २०० ग्रॅम पाणी उडालं तर ४८० किलोज्यूल गेले, म्हणजे हिशेबाने आतलं पाणी ११ अंश उतरलं. बाहेरची हवा थोडी उष्णता परत आत देते, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. ओल्या थर्मामीटरच्या खाली मात्र माठ जाऊ शकत नाही, ती त्याची लक्ष्मणरेषा. पुण्याची मेमधली हवा कोरडी, म्हणून इथे माठाचं पाणी गारेगार. रत्नागिरीला ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली, तर ओला थर्मामीटर २८ च्या खाली उतरत नाही. कोकणातल्या पाहुण्यांनी आमच्या माठाचं कौतुक का करावं, ते तेव्हा कळलं.

आंब्याची आढी, संध्याकाळी झेड ब्रिजवर वारा खात समोरच्या मेट्रोचे डबे मोजणं, अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं उलटसुलट करणं, यावरही लिहिता येईल, पण ते तुम्ही सगळे करताच.

मेल त्या कंपनीचं अजून आलेलं नाही. सोसायटीचा निर्णय आता गणपतीनंतर होणार आहे. सेक्रेटरी काकांनी परवा जिन्यात थांबवून विचारलं, "काय गं, नव्या बिल्डिंगमध्ये गच्चीचं दार सगळ्यांना उघडं राहील असं कागदावर घ्यायला सांगू का?" मी म्हटलं, "हो काका, लिहूनच घ्या."

जाता जाता कामाचं. पुढच्या मेमध्ये जे घरी असतील त्यांच्यासाठी तारखा देते, एक दिवस इकडे-तिकडे धरून: पणजी २ मे, कोल्हापूर ६ मे, पुणे १३ मे, मुंबई १५-१६ मे, नाशिक २० मे, नागपूर २६ मे. आम्हाला पुण्याच्या सरळ उत्तर-दक्षिणेतली, आणि जितकी लांब तितकी बरी, अशी गावं हवी आहेत. कोल्हापूर, बेळगाव, धुळे इथल्यांनी डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डवर लावलेल्या कागदावर नाव लिहावं. काठी एक मीटरची, ओळंबा लावून उभी, आणि सावलीच्या पुढे प्लस-मायनस लिहायला विसरू नका.